मुदत संपलेलं कूपन

त्या इराणी रेस्टॉरंटात तिसऱ्या खेपेलाही कबाब चामड्यासारखा निघाला आणि केशरी भात गार. "कुपनावर अर्ध्या किमतीत मिळतंय, खा मुकाट्याने," नवरा म्हणाला. कधी एकदा बाहेर पडतोय असं वासंतीला झालं होतं.

गल्ल्यावर कळलं, शेवटच्या कुपनाची मुदत कालच संपली. इराणी मालकांनी छातीवर हात ठेवला. "राहू द्या साहेब, पैसे कसले! तुम्ही आमचे पाहुणे."

नवऱ्याने खूश होऊन पाकीट खिशात घातलं. वासंतीला राहवेना. हा सूर तिच्या ओळखीचा होता. घरात दाणा शिजलेला नसताना, चपला घालणाऱ्या पाहुण्यांना ती याच सुरात "जेवूनच जा की" म्हणायची.

तिने नवऱ्याचं पाकीट ओढलं आणि पूर्ण पैसे पुढे केले. मालक नको नको म्हणत राहिले, मग त्यांनी ते पटकन घेऊन गल्ल्यात टाकले.

"जेवण कसं होतं, बाई?"

वासंतीचा हात आपसूक छातीवर गेला. "वा! अगदी बोटं चाटत जेवलो."

मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी खणातून कुपनांचा अख्खा गठ्ठा काढून तिच्या हातात ठेवला.

"घ्या. यांना मुदतच नाही."