लिंबाच्या भेटीला

"पाय कुठं ठेवू रे?" उमाबाईंनी विचारलं.

गाडीत खाली मऊ गालिचा होता. "ठेवा की मावशी, पायासाठीच हाय," ड्रायव्हर वीरप्पा म्हणाला. पण उमाबाईंनी चपला काढल्या, पिशवीत कोंबल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. धाराशिवातली त्यांची अख्खी गल्ली दारात उभी राहून बघत होती. एवढी लांबलचक काळी गाडी या गल्लीत यायची ती लग्नात, नवरदेवासाठी. आज ती एकट्या उमाबाईंना न्यायला आली होती, आणि दार उघडायला-लावायला वर माणूस.

"गुत्तेदारानं पाठवलीय," उमाबाईंनी खिडकीतून सगळ्यांना सांगून टाकलं. "बघून येते त्याचं उद्यान. झाड नसलं तिथं, तर त्याला सोडत न्हाय म्या."

उमाबाईंचं तोंड गल्लीला चांगलं ठाऊक होतं. एरवी गुत्तेदाराला नावं ठेवणाऱ्यांनाही त्याची थोडी कीव आली.

सगळं प्रकरण एका कडुलिंबाचं होतं. दगडोबांनी, म्हणजे उमाबाईंच्या नवऱ्यानं, तो दारात लावला होता. त्यांना मूलबाळ झालं नाही. लिंब तेवढा वाढला. त्याच्या सावलीत बसून दगडोबांनी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या आणि एका दुपारी तिथंच डोळे मिटले. मागं राहिलेल्या उमाबाई मग लिंबाशी बोलायच्या. कधी भांडायच्यासुद्धा. गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं आणि जेसीबी दारात आला. रस्त्याचं काम घेतलेला गुत्तेदार म्हणाला, झाड तोडणार नाही, नव्या वनस्पती उद्यानात नेऊन लावणार. असलं बोलणं कोण खरं धरतं? उमाबाई रस्त्यात आडव्या पडल्या. शेजारच्या बायकांनी त्यांना उचलून बाजूला नेलं. लिंब ट्रॉलीवर चढला आणि गेला.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर होता. जगलं असेल, का कुणाच्या चुलीत गेलं असेल? जाऊन बघायची हिंमत मात्र झाली नव्हती. बघितलं नाही तोवर निदान जगलंय असं म्हणता येत होतं.

गाडी गावाबाहेर पडली. "गार लई हाय रे, जरा बारीक कर," उमाबाई पदर गुंडाळत म्हणाल्या. वीरप्पानं एसी कमी केला. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"त्या जेसीबीवाल्याला म्या चप्पल फेकून मारली व्हती. बरोबर कानाखाली बसली. तरी मेला थांबला न्हाय. कसली आईबापं असतील बघ त्याची."

"व्हय मावशी."

"तू कशाला व्हय म्हणतूस? तुझा कोण लागतो त्यो?"

वीरप्पा आरशातून एकदा बघून पुन्हा रस्त्याकडं बघायला लागला. खड्डा आला की गाडी इतकी हळू घ्यायचा, की उमाबाईंना कौतुक वाटलं. गुत्तेदाराच्या पदरी माणूस मात्र बरा दिसतोय, त्यांच्या मनात आलं.

उद्यानाचं फाटक आलं, तशा त्या सीटला धरून बसल्या.

"मला न्हाय जायचं आत," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "तूच बघून ये. आन मेलं असलं, तर माझ्याशी खोटं बोल."

वीरप्पानं दार उघडून हात पुढं केला. "खोटं बोलायची पाळी न्हाय, मावशी. चला."

आत कोपऱ्यात लिंब उभा होता. फांद्या छाटलेल्या, खोडाला बारदान गुंडाळलेलं. आणि प्रत्येक छाटल्या जागी तांबूस, कोवळी पालवी फुटलेली. दगडोबा ज्याच्यावर ट्यूबा अडकवायचे तो खिळासुद्धा जागेवर होता. उमाबाई खोडाला मिठी मारून मोठ्यानं रडल्या.

"एवढ्या लांब येऊन बसलास व्हय रे, मेल्या?"

रडून झाल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढली. घरच्या नळाचं पाणी बुंध्याशी ओतलं आणि हात जोडले. "गुत्तेदाराचं भलं व्हवो. म्या लई वाईटवंगाळ बोलले त्याला. वीरप्पा, सांग बाबा त्याला."

शेजारी आळं करत बसलेला माळी, बिभीषण, हसायला लागला. "कुठला गुत्तेदार, मावशी? त्यो इकडं फिरकलाबी न्हाय. हे बारदान या वीरप्पानं बांधलं. उन्हाळाभर दर आठवड्याला येऊन पाणी यानंच घातलं. आमी तर आशा सोडली व्हती."

उमाबाई वळल्या. "तू? आन मग गाडी कुणाची?"

"माझ्या आताच्या मालकाची, लग्नाला भाड्यानं देतो त्यो. आज लग्नतिथी न्हाय, म्हणून मागून आणली," वीरप्पा म्हणाला. "गुत्तेदाराचं नाव घेतलं, म्हणलं निदान भांडाया तरी याल."

"पण तुझं काय अडलं व्हतं रे, बाबा?"

वीरप्पानं हातातली किल्ली खिशात टाकली.

"तवा जेसीबीवर म्याच व्हतो, मावशी. धुरळ्यापायी तोंडाला फडकं व्हतं, म्हणून वळखलं न्हाय तुमी. गुत्तेदार तुमाला एक बोलला आन मला दुसरंच म्हणला, कापून टाक. म्या न्हाय म्हणलं. मुळासकट काढतो, जगवायचं माझ्याकडं लागलं. मुळ्या तुटू न्हाईत म्हणून थांबलो न्हाय. मधीच सोडलं असतं तर गेलंच असतं."

उमाबाईंनी त्याच्या कानावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"लेकरा, तुझे उपकार कुठं फेडू रे म्या," शेवटी त्या म्हणाल्या.

ऊन चढलं तसे ते फाटकाकडं निघाले. वीरप्पानं नेहमीसारखं मागचं दार उघडून धरलं. उमाबाई बसल्या नाहीत. त्या मऊ सीटकडं बघत राहिल्या, मग त्याच्याकडं.

"मला गाडी चालवाया येत असती ना," त्या म्हणाल्या, "तर जाताना तुला मागं बसवून म्याच नेलं असतं बघ."