लावायचं औषध

"लिव्हा की साहेब. सुनेनं हे दुखणं माहेराहून आणलंय म्हणून लिव्हा." विठाबाईनं टेबलावर हात आपटला. "शनिवारी पंच बसणार हायत. तिच्या बापाला अणदूरहून बोलवलंय. कागद दाखवला की सोडचिठ्ठी झालीच."

कळंबच्या दवाखान्यात बाजारादिवशीची गर्दी होती. बाहेरच्या बाकावरच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. डॉक्टर सादिक यांनी टाक खाली ठेवला.

पडद्यामागं टेबलावर विठाबाईची सून शिवगंगा पडून होती. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. आठ महिन्यांपूर्वी तिला लाजेच्या जागी चामखिळी आल्या. आधी एक, मग झुपक्यानं. किती तरी दिवस तिनं लपवलं. मग भीत भीत नवऱ्याला, श्रीमंतला सांगितलं. श्रीमंत काहीच बोलला नाही, पण ते आईच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून शिवगंगाचं अंथरूण गोठ्यात गेलं, ताट वेगळं झालं. पाणवठ्यावर बायका तिला बघून घागरी बाजूला ओढू लागल्या. आपल्या हातून कुठं काय चुकलं, हे ती रोज आठवून बघायची. काही सापडायचं नाही.

"कुणाकडून आलं ते मला बघून कळत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "जे कळत नाही ते मी लिहीत नाही. आधी औषध लावू."

त्यांनी कपाटातून तपकिरी औषधाची बाटली काढून नर्स शांतम्माकडं दिली. पडद्याआडून त्यांनी विचारलं, "दिवस गेलेत का, बाई? पोटुशीला हे चालत नाही."

"न्हाय," शिवगंगा म्हणाली.

"जायचे कुठले!" विठाबाई फणकारली. "अन् आग हुती का हो ह्यानं?"

"नीट लावलं नाही तर होते."

शांतम्मानं बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि ती हात धुवायला वळली. तेवढ्यात विठाबाईनं झडप घातली. बाटली उचलून ती पडदा सारून आत घुसली.

"हुऊ दे की आग! समदीच वतती. घराण्याचं नाव घालवलंस, सटवे. जळू दे आता."

शिवगंगा किंचाळली. दाराशी पाठ करून उभा असलेला श्रीमंत धावत आला आणि त्यानं पडद्याआत हात घालून आईचं मनगट धरलं.

"आये, वतू नगंस! आधी भवतीनं व्हॅसलीन लावावं लागतं. मग काडीला कापूस गुंडाळून तेवढ्याच जागंवर लावायचं, अन् चार तासांनी साबणानं धुयाचं. न्हायतर चांगलं कातडं सोलून निघतं!"

शांतम्माच्या ओल्या हातांतून पाणी ठिबकत राहिलं. हे अजून कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी विठाबाईच्या हातातली बाटली काढून घेतली. "हे तुम्हाला कुणी शिकवलं, श्रीमंतराव?"

श्रीमंतचं तोंड उतरलं. त्याच्याऐवजी विठाबाईच तावातावानं बोलली.

"त्याला काय इचारता? त्याचं तर सोलापुरात लग्नाआधीच साफ बरं झालं व्हतं!"

बोलून गेल्यावर तिला कळलं. तिनं पदर तोंडावर धरला.

"वरचं गेलं, मावशी," डॉक्टर हळू म्हणाले. "म्हणून रोग गेला असं होत नाही."

शिवगंगा उठून बसली. लुगडं सारखं केलं. तिनं सासूकडं बघितलंच नाही. तिची नजर नवऱ्यावर होती.

"सा म्हैनं म्या गोठ्यात निजले," ती म्हणाली. "तुमी तोंड उघडलं न्हाय. मग आजच का बोललात?"

श्रीमंत एक पाऊल मागं सरला.

"लई आग हुती त्याची," तो पुटपुटला. "मला सोसली नव्हती."

त्याला तिची कीव आली होती, हे शिवगंगाला कळलं. ती कीव केवढी आणि कशापुरती, हेही कळलं. तिनं शांतम्माकडं मान वळवली.

"लावा, बाई. अन् ह्या दोघांना भाइर काढा."

शांतम्मानं पडदा ओढला. आधी व्हॅसलीन, मग काडीनं औषध. चुणचुणलं, पण शिवगंगा हलली नाही. "दर आठवड्याला यायचं," शांतम्मानं बजावलं, "औषध घरी लावायला मिळणार नाही." शिवगंगानं मान डोलावली. दुपारी बाकावर सासू आणि नवरा वाट बघत होते. त्यांच्यासमोरून ती सरळ एसटीच्या थांब्याकडं गेली आणि अणदूरला माहेरी जायला निघाली.

शनिवारी चावडीत सोडचिठ्ठी मागितली गेली. मागायला उभी राहिली ती शिवगंगा. पंचांनी कारण विचारलं. श्रीमंत मान खाली घालून बसला होता. शिवगंगानं बापासमोर, भरल्या गावासमोर आपलं दुखणं कुठं आहे ते सांगितलं, आणि ते कुणी दिलं तेही.