कॅमेऱ्याची तक्रार

मुलुंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तेजल रिसेप्शनला बसायची. तिच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन दोन वर्षं थरथरत होता. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे, डोकं ठणकायचं. तिने तीनदा लेखी तक्रार दिली. डॉक्टर साटम दर वेळी म्हणाले, "अगं, सवय होते."

मग एका टीव्ही चॅनलला डॉक्टरांची मुलाखत हवी होती. विषय होता, स्क्रीनपासून डोळे कसे जपावेत. मागे कॉम्प्युटर दिसलेला बरा, म्हणून डॉक्टरांची खुर्ची तेजलच्या टेबलापुढे मांडली आणि स्क्रीन कॅमेऱ्याकडे वळवला. कॅमेरा सुरू झाला आणि कॅमेरामन म्हणाला, "सर, मागचा स्क्रीन जाम फडफडतोय. काळे पट्टे येतायत."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोन फिरवला. वीस मिनिटांत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा धम्मपाल नाहूरहून बाइकवर हजर. "स्क्रीनचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र बदलायचा वेग, तीसवर पडलाय. टीव्हीच्या कॅमेऱ्याला पन्नास लागतो," म्हणत त्याने चार क्लिकमध्ये तो बदलला. पट्टे गेले. तेजलला अक्षरं दोन वर्षांत पहिल्यांदाच जागच्या जागी दिसली.

मुलाखत झकास झाली. "डोळ्यांचं दुखणं अंगावर काढू नका," डॉक्टरांनी प्रेक्षकांना बजावलं.

धम्मपाल निघाला, तेव्हा तेजलने त्याला दारात गाठलं. "एवढंसंच काम होतं, तर दोन वर्षं का नाही आलात?"

"मला आजच बोलावलं, मॅडम." धम्मपालने बॅग खांद्याला लावली. "तोवर त्रास फक्त तुम्हालाच होत होता ना."