चारशेतला आठवा

"सात!" ड्यूएन म्हणाला आणि मोबाइल त्याने लव्हॉनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा टाकला. "चारशे माणसांना विचारलं, त्यात आपली सात. आठ हवी होती. एका माणसानं घात केला बघा, एका!"

"पावणेदोन टक्के झाले की," जोलीन म्हणाली. "त्याला दोन नाही धरत?"

"नाही धरत. पक्षाचा नियम आहे, स्टेजवर जायला दोन म्हणजे दोन. आणि हा शेवटचा सर्व्हे. टीगबाई टीव्हीवरच्या डिबेटला नाहीत. संपलं!"

लव्हॉन ब्रेक्के कॉफी ओतत होती. कप भरून वाहिला तरी ती ओततच राहिली.

"आजी, अगं लक्ष कुठंय तुझं?" ब्रिन ओरडली. तिला उठून फडकं आणायचं होतं, पण आठव्या महिन्यातलं पोट घेऊन खुर्चीतून उठणं सोपं नव्हतं. ती परत बसली.

राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या अकरा जणांत टीगबाई सगळ्यांत मागे, आणि हे चौघं तिच्या प्रचारात. मूळची सुईण, आता कुठल्याशा बारक्या गावाची महापौर. ऑगस्टात याच टेबलाशी बसून तिने रुबार्बच्या आंबट देठांच्या दोन गोड वड्या खाल्ल्या होत्या. ब्रिनच्या पोटाकडे बघून म्हणाली होती, "मला फक्त त्या स्टेजवर पोचवा. माझं पहिलं वाक्य तुमच्या बंद पडलेल्या प्रसूती वॉर्डाचं असेल." त्या वॉर्डाबरोबर जोलीनची नर्सची नोकरी गेली होती. ब्रिनला आता कळा सुरू झाल्या की साठ मैल गाठायचे होते, तेही जानेवारीत, आयोवाच्या बर्फातून.

"टीव्हीवर सगळ्या देशासमोर एकदा नाव निघालं असतं ना," जोलीन म्हणाली, "तर त्या हॉस्पिटलवाल्यांना लाज तरी वाटली असती. हातातोंडाशी आलेला घास गेला हो."

"मी आपली ड्यूएनकाकाच्या ट्रकात बाळंत होणार," ब्रिन म्हणाली. "दुसरं काय!"

"ट्रकात डुकरांचा वास येतो," ड्यूएन म्हणाला. एरवी सगळे हसले असते.

लव्हॉन मेणकापडावरची कॉफी पुसत होती. पुसून झालं तरी तिचा हात तिथंच फिरत होता. गुरुवारी दुपारी ती अ‍ॅपल पायसाठी पीठ लाटत होती, तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला होता. एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, सर्व्हे आहे, दोनच मिनिटं, तुमचं मत कुणाला? पिठाचे हात, खांद्यात दाबलेला फोन, आणि लव्हॉनच्या तोंडून निघून गेलं, "अजून ठरवतेय गं, बाळा."

पन्नास वर्षं ती हेच म्हणत आली होती. ती काय, अख्खा तालुका हेच म्हणतो. आयोवात सगळ्या देशाच्या आधी मतदान, म्हणून दर चार वर्षांनी दहा-अकरा उमेदवारांची प्रचारक पोरं दारात येतात, थंडीने नाकं लाल झालेली. त्यांना आत घ्यायचं, काहीतरी गरम प्यायला द्यायचं आणि म्हणायचं, अजून ठरवतेय. तोंडावर नाही म्हणून कुणाचं मन कशाला मोडा? लव्हॉनची आई म्हणायची, मत आणि पगार विचारणाऱ्याला केक द्यावा, उत्तर देऊ नये. जित्याची खोड! टीगबाईचा बिल्ला तेव्हासुद्धा तिच्या एप्रनवर लावलेला होता.

"मला एवढंच कळत नाही," ड्यूएन तावातावाने म्हणाला, "आपल्यातल्या एकालाही फोन येऊ नये? मला आला असता तर नाव तीनदा सांगितलं असतं! वर स्पेलिंग!"

"आपले फोन मोकळे होते कुठे?" जोलीन म्हणाली. "आठवडाभर आपणच लोकांना फोन लावत बसलो होतो."

"लव्हॉनचा तर मोकळा होता. ती तर मोबाइलला हातसुद्धा लावत नाही."

तिघांनी सहज भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं. लव्हॉनने तोंड उघडलं. सांगून टाकावं, तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता. पण ब्रिनने दोन्ही हात पोटाखाली धरले होते, आणि ते बघून लव्हॉन पुन्हा फडकं फिरवू लागली. देवा, मी काय करून बसले!

तेवढ्यात फोन वाजला.

"घे, घे," ड्यूएन कडवटपणे म्हणाला. "वरातीमागून घोडं. सर्व्हेच असेल."

लव्हॉनने फोन उचलला. कुठल्या तरी कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. छपराच्या पन्हळी साफ करून मिळतील, हिवाळ्याची खास सवलत, माहितीसाठी एक दाबा. तिघांनाही तो ऐकू येत होता.

"टीग," लव्हॉन म्हणाली.

आवाज सवलतीबद्दल बोलत राहिला.

"रोझलिंड टीग," ती मोठ्याने म्हणाली. "माझं मत टीगला आहे. ऑगस्टपासून आहे."

जोलीनने तोंडावर हात ठेवला. ड्यूएन अर्धवट उठला आणि तसाच उभा राहिला. "लव्हॉन," त्याने हळूच विचारलं, "तुला फोन आला होता?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी फोन तोंडाशी घट्ट धरला.

"ऐकलंस ना, बाळा?" ती म्हणाली. "टीग. लिहून घे गं."