हाताची खूण

करवत्याचा उजवा हात वर गेला आणि पन्नास पावलांवरून धावत येणारा भुश्या जागच्या जागी जमिनीला चिकटला. करवत्याच्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. मैदानाभोवती टाळ्या पडल्या. सकाळी ज्यांनी या कुत्र्याला नावं ठेवली होती, त्यांनीही वाजवल्या.

नावं ठेवण्यासारखा तो होताच. पाय एका जातीचे, कान दुसरीचे, आणि शेपूट कुणाची ते देवालाच ठाऊक. बाकीच्या कुत्र्यांच्या मालकांजवळ सात पिढ्यांचे कागद होते. भुश्या, करवत्या करवत चालवायचा त्या लाकडाच्या वखारीत, भुशाच्या ढिगात सापडलेला. पण अडथळ्यांच्या शर्यतीत उड्या, बोगदा, खांबांमधली नागमोडी वाट, सगळं त्याने सर्वांच्या आधी पार केलं होतं. आज्ञापालनाची ही फेरी जिंकली की चषक घरी. "वाण नसला म्हणून काय झालं," करवत्या शेजारच्या मालकाला म्हणाला होता, "गुण माझा लागलाय."

वखारीत करवत सुरू असली की कानठळ्या बसतात. तिथे हुकूम हातानेच देतात. हात आडवा, ओंडका सरकवा. हात वर, थांबा. करवत्याने तीच भाषा कुत्र्याला शिकवली. जीव होता त्याचा भुश्यावर. एकदा एका हमालाने भुश्याला दगड मारला, तर करवत्याने फळीने हमालाचा जबडा मोडला. दोन दात भुशात पडले, ते कुणी शोधलेही नाहीत.

घरीही करवत्या हातानेच बोलायचा. आज सकाळी भुश्याचा पट्टा खुंटीवर नव्हता. बायकोने तो धुऊन वाळत घातला होता. "आजच्या दिवशी अक्कल पाजळलीस?" एवढंच तो म्हणाला. मग केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. ती खाली बसली तशी बरगडीत लाथ बसली. डाव्या कानामागून रक्त मानेवर उतरलं. भुश्या टेबलाखाली होता. "रुमाल बांध," करवत्या म्हणाला, "तिथे फोटो काढतात." आणि गुडघ्यावर बसून तो भुश्याचे केस विंचरू लागला. गुंता ओढला जाऊ नये, अशा बेताने.

आता ती मैदानाच्या कडेला बाकावर बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. श्वास घेतला की बरगडीत कळ येत होती. तरी चषक मिळावा असं तिला मनापासून वाटत होतं. मिळाला तर आठवडाभर घर शांत राहील. नाही मिळाला तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे तिला पाठ होतं.

परीक्षक बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. पांढऱ्या केसांच्या त्या बाईंचा सगळा जन्म कुत्र्यांत गेला होता. त्या भुश्यापाशी जाऊन वाकल्या.

"हा सांगितलं म्हणून बसलेला नाही," त्या म्हणाल्या. "हा भिऊन पडलाय. बघा जरा."

बायकोनेही बघितलं. सराव वखारीत व्हायचा, त्यामुळे या खुणेवर भुश्या कसा पडतो, ते तिने आजवर पाहिलंच नव्हतं. भुश्याचं पोट मातीला टेकलेलं होतं. डोळे घट्ट मिटलेले. मान उजवीकडे वळवलेली आणि डावा पंजा डाव्या कानावर.

"मारत असाल तर कायमचे बाद व्हाल," बाई करवत्याला म्हणाल्या.

"हात झडेल माझा, त्याच्या अंगाला बोट लावलं असेल तर." करवत्याचा आवाज खरोखर भरून आला होता.

बाईंनी भुश्याला चाचपलं. बरगड्या, जबडा, कान. कुठे वण नाही, कुठे दुखरी जागा नाही. उलट भुश्या उठला आणि त्याने करवत्याचा हात चाटला. बाई बुचकळ्यात पडल्या. मार न खाता कान झाकायला शिकलेला कुत्रा त्यांनी पाहिला नव्हता.

"माझ्या बायकोला विचारा," करवत्या म्हणाला आणि त्याने तिला हाताने बोलावलं. ती आली.

"तुम्ही घरातल्या," बाई म्हणाल्या. "हे कुत्र्याला मारतात?"

एक 'नाही' पुरेसं होतं, आणि ते खरंही होतं. पण ती भुश्याकडे बघत राहिली. लोक बाकांवरून उठून जवळ सरकले.

"सांग ना," करवत्या म्हणाला. "सांग म्हणतो ना," आणि सवयीने त्याचा उजवा हात वर गेला.

भुश्या पुन्हा पडला. डोळे मिटलेले, मान उजवीकडे, डावा पंजा कानावर. या वेळी ती त्याच्या शेजारीच उभी होती. आपण कशा दिसतो, हे तिला कुठल्या आरशाने आजवर दाखवलं नव्हतं. तिचाही डावा हात कानापर्यंत गेलाच होता. तो तिने खाली घेतला नाही. त्याच हाताने तिने रुमालाची गाठ सोडली.

"ह्यांनी त्याला कधीच मारलं नाही, बाई," ती म्हणाली. "हे तो माझं बघून शिकलाय."