धाकटीचा खांदा

"धाकटीला पुढं बसव गं, तुझ्या नजरेसमोर राहील," आई काठावरून ओरडायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण शर्यतीच्या होडीत दोघी बहिणी अजून तशाच बसायच्या. धाकटी पुढं वल्हं मारायची आणि मागून ताई होडी वळवायची.

आज नदी फुगली होती, गढुळली होती, दगडादगडावर डोकं आपटत निघाली होती. पाण्याच्या त्या गर्जनेत एकमेकींची हाकसुद्धा ऐकू येत नव्हती. दगड आला की आधी धाकटीचा खांदा एका बाजूला कलायचा, होडी हेलकावायची आणि धरलेला वेग मोडायचा. निवडीची शर्यत दोघी थोडक्यात हरल्या.

"होडीत बसतेस की झोपाळ्यावर?" काठाला लागताच त्यांचे प्रशिक्षक सर धाकटीवर कडाडले. "खांदा हलवू नकोस म्हणून सांगून जीभ झिजली माझी! तुझ्यापायी हिची मेहनत मातीत चालली आहे. उद्यापासून हिच्या पुढं दुसरी मुलगी बसेल."

धाकटी मान खाली घालून ओल्या जॅकेटचे बंद सोडत राहिली. ताईनं बोलायला तोंड उघडलं, तशी धाकटीनं तिचा हात घट्ट दाबला. "राहू दे ना, ताई. माझंच चुकलं."

ताईनं हात सोडवून घेतला.



"सर, ती खांदा कलवते म्हणून तर कुठं वळायचं ते मला कळतं. डोळे अधू झालेत माझे, पाण्यातले दगड मला आता दिसतच नाहीत."