सतरा उलट टाके

माझ्या लहानपणीचा पिवळा स्वेटर उसवून त्याच लोकरीचा मी लेकीसाठी वेणीच्या नक्षीचा नवा विणायला घेतला. उसवताना आईच्या चुका सापडत गेल्या. सुलट टाक्यांच्या ओळीत मध्येच एखादा उलट. मोजल्या तर सतरा भरल्या! सगळ्या गल्लीला विणकाम शिकवणाऱ्या आईला मी चिडवलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" नातीला थोपटत ती म्हणाली, "मी विणायला बसले की तू भोकाड पसरायचीस. हातातलं टाकून धावायचे. परत आल्यावर सुलट होतं की उलट, कुणाला आठवतंय?" "मग उसवून नीट करायचं ना!" "तू उसंत द्यायचीस कुठे?" माझी पहिली वेणी जमत आली आणि लेकीनं भोकाड पसरलं. धावले. तिला निजवून ओळ पूर्ण केली, तर वेणीतला टाका उलट पडलेला. उसवायला घेतलं, पण जीव होईना. चष्म्यावरून बघत आईनं मोजलं, "एक."